सहा पीपीसी रायफल
बेंचरेस्ट नेमबाजीसाठी मागणीनुसार घडवली जाणारी बोल्ट-ॲक्शन रायफल. या स्पर्धेत रायफल मेजावर वाळूच्या पिशव्यांना टेकवून प्रामुख्याने १०० व २०० यार्डांवर गोळ्या झाडतात. त्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या, यावर निकाल ठरतो. अमेरिकेत शल्यविशारद लू पाल्मिसानो आणि यंत्रकारागीर फेरिस पिंडेल यांनी १९७५ च्या सुमारास .२२० रशियन या तिथे फारशा रुळलेल्या नसलेल्या काडतुसाचे कवच बदलून रायफलीला नाव देणारे ६ मिमी गोळीचे पीपीसी काडतूस सिद्ध केले. कवच आखूड व रुंद, खांदा ३० अंशांचा, प्राइमर लहान. बहुतेक स्पर्धक काडतुसे स्वतःच भरतात, तीही अनेकदा मैदानावर, त्या दिवसाची हवा पाहून.

रायफलीचा खरा कस नळीत लागतो. काडतूस जिथे बसते ती कोठी आणि नळीचे छिद्र एकाच अक्षावर असावे लागते. कवचाची मान कोठीत नेमकी बसावी म्हणून ती बाहेरून तासतात. नळीत कोठी कोरण्याचे लेथवरचे काम अत्यंत संयमाचे, आणि अचूकतेचे मोठे श्रेय त्यालाच द्यायला हवे. झिजलेली नळी बदलतात; ॲक्शन, म्हणजे बोल्टची यंत्रणा, मात्र अनेक नळ्यांना पुरते. फिनलंडच्या साको कंपनीनेही पुढे या काडतुसाच्या रायफली बनवल्या.