पाटील गळाला लागत नाहीत

मार्गशीर्षातल्या पहाटे पांझरेकाठी गळ टाकून बसलेला माणूस एक तर भोई असतो, नाहीतर बी.कॉम. मी दुसरा. जळगावहून धुळ्याला बदली झाल्यावर रविवारचं करायचं काय, हा प्रश्न भरीत-पुरीनं सुटेना, म्हणून हा उद्योग. कानटोपी, मफलर, कणकेचा गोळा सगळं बरोबर; पण तीन रविवार जमेच्या बाजूला एक आकडा नाही. गळाचं बूच आमच्या हेडक्लार्कसारखं, जागचं हलायचं नाव नाही.

शेवटी जाळं वाळत घालणाऱ्या एका म्हाताऱ्या भोईबाबांनी विचारलं, "काही भेटनं का, साहेब? उन तपू द्या. मासाले बी थंडी वाजस!"

बाबांचं खरं होतं. माशाचं रक्त थंड. पाणी गारठलं की त्याचं अंगही गारठतं, पचन मंदावतं, भूक मरते. तो खोल डोहात तळाशी जाऊन बसतो. सकाळी सहाला त्याला आमिष दाखवणं म्हणजे बँक उघडायच्या आधी चेक वटवायला येणं!

उन्हाची वाट बघता बघता वाचन वाढलं. त्यात कर्नल सायक्स भेटला. १८२४ साली मुंबई सरकारनं त्याला दख्खनचा सांख्यिकी अधिकारी नेमलं. म्हणजे आमच्याच जातीचा, रकाने भरणारा! पुणे, नगर, धारवाड आणि आपला खानदेश अशा चार कलेक्टोरेटांचा हिशेब त्यानं मांडला. वर पक्षी मोजले, मासेही मोजले. १८३९ साली त्यानं दख्खनच्या माशांना शास्त्रीय नावं दिली. पण मासे भीमेचे आणि तिच्या उपनद्यांचे. माणसं मोजायला खानदेश, मासे मोजायला पुणे! असो, आम्हाला सवय आहे.

नावं मात्र गमतीची. लॅटिन कोट घातलेला 'सिंघाला' म्हणजे आपला शिंगाळा. 'खुद्री' तर थेट इथल्याच तोंडातली. एक 'पोटेल' आहे. तो मी आधी पाटील असाच वाचला आणि वाटलं, खानदेशात गळ टाकून पाटील लागू नये?

मग एक बारीक काटा घशात अडकला. ही नावं सायक्सला पाण्यात उभ्या असलेल्या कुणीतरी सांगितली असणार. शास्त्रात नावापुढे 'सायक्स, १८३९' लागतं. सांगणाऱ्याचा रकानाच नाही.

आणि आठवलं. दिवाळीआधी हेच बाबा जाळ्यासाठी कर्ज मागायला माझ्याच काउंटरवर आले होते. धंद्याचा पुरावा नाही म्हणून मीच अर्जात 'मजुरी' लिहिलं होतं, आणि मजुराला जाळं कशाला, म्हणून अर्ज परत आला होता.

साडेअकराला ऊन तापलं, बूच बुडालं. बोटभर मासा. बाबांनी त्याचं नाव सांगितलं. मी पहिल्यांदा बाबांचं विचारलं.

सोमवारी नवा अर्ज भरला. व्यवसाय : मासेमारी. तो सध्या साहेबांच्या टेबलावर गठ्ठ्याच्या तळाशी आहे. थंडीच तशी पडलीय.