शंबरासुराचा कंदील, ठाकरांची पोथी

महाडच्या शाळेतले गुरुजी रायगडावरच्या स्लाइड शोला स्वतःचा आवाज देऊ लागले की पॉवरपॉइंट एक अट घालतं: स्लाइड पालटत असताना बोलायचं नाही, तेवढं बोलणं रेकॉर्ड होत नाही. ज्या स्लाइडचं निवेदन, ते त्याच स्लाइडला चिकटतं.

महाडहून महामार्गाने पोलादपूर ओलांडून कशेडी घाट चढला आणि थेट कुडाळ गाठलं, की जवळच्या पिंगुळीत ही रीत जुनीच निघते. तिथले ठाकर चित्रकथी एक चित्र समोर धरतात, त्याची कथा गातात, मग पुढचं धरतात. पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या चित्रांच्या संचाला ते म्हणतात ‘पोथी’. अक्षरांची नव्हे, चित्रांची पोथी! ‘स्लाइड डेक’ला याहून नेमका मराठी शब्द शोधून सापडायचा नाही. चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही आहे.

मॅजिक लँटर्नचे अभिमानी यावर हरकत घेतील. सतराव्या शतकात डच शास्त्रज्ञ ह्युगेन्सने काचेवरचं चित्र भिंतीवर पाडलं. स्लाइड तिथली, असं ते म्हणतील. स्लाइड खुशाल तिथली असो. पण १८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी हेच यंत्र हाती घेतलं, तेव्हा रंगवलेल्या काचांइतकाच भर दिला तो निवेदनावर आणि गाण्यांवर. खेळाचं नाव ठेवलं ‘शांबरिक खरोलिका’.

या नावावरच खरी झुंज आहे. काहीजण ‘शांभरिक’ लिहितात, आणि मग कानाला ‘शंभर’ ऐकू येतो. जणू शंभर काचांचा खेळ. मोह पडण्यासारखी व्युत्पत्ती, पण टिकत नाही. अमरकोशात ‘शांबरी’ म्हणजे माया, आणि त्या मायेचा धनी म्हणजे वेदातला शंबरासुर. विलायती ‘मॅजिक’ला पटवर्धनांनी असुराच्या घरचा शब्द दिला. त्यांच्या मनात चित्रकथी होते का? कोकणच्या तोंडावर, कल्याणात राहणाऱ्या माणसाच्या कानावर ती परंपरा आली नसेल, हे मानणं जास्त कठीण.

मग सिनेमा आला, काचा मागे पडल्या. १९८७ मध्ये पॉवरपॉइंट बाजारात उतरलं.

एक फरक मात्र उरला. प्रेक्षक रंगले तर चित्रकथी तेच चित्र आणखी जरा वेळ धरून ठेवू शकतो. गुरुजींनी रेकॉर्ड केलेली स्लाइड ठरल्या सेकंदाला पालटते, मागच्या बाकावरच्या पोराचं रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेल्या पायरीकडे बघून झालेलं असो वा नसो.