दुधीच्या पोटातला वारा

पावसाळ्यात झोपडीच्या छपरावर चढलेल्या वेलाला दुधी भोपळे धरतात. एखादा भोपळा मुद्दाम वेलावरच ठेवून जून होऊ देतात. तो वाळला, आतला गर आणि बिया निघाल्या, की उरतं हलकं, टणक, पोकळ कवच. डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर तारपा या वाद्याचा जन्म इथून सुरू होतो.

कवचाला एकीकडे फुंकायची जागा ठेवतात आणि दुसरीकडे बांबूच्या दोन नळ्या शेजारी-शेजारी बसवतात. नळीचं जे टोक भोपळ्याच्या आत जातं, तिथे पातळ चिरलेली जीभ, म्हणजे जिभाळी, असते. वारा लागला की ती थरथरते आणि सूर उमटतो. नळ्यांवर बोटांसाठी भोकं असतात. पुढे ताडाची पानं गुंडाळून केलेला लांब कर्णा, आणि सगळे सांधे मधमाश्यांच्या मेणाने बुजवलेले. छपरावरचा वेल, बेटातला बांबू, बांधावरचा ताड आणि रानातलं पोळं: एवढ्या सामानात वाद्य उभं राहतं.

त्याची भावकी मोठी आहे. गारुड्याची पुंगी हे जवळचं नातलग: तोच भोपळा, त्याच दोन नळ्या, फक्त कर्णा नाही. तलासरीची हद्द ओलांडून दक्षिण गुजरातेत गेलं की तारप्याला ताडपू म्हणतात. डांगातल्या आणि नाशिककडच्या कोकणा लोकांची पावरी याच कुळातली.

या कुळाचं मर्म भोपळ्यात आहे. सनई वाजवणाऱ्याच्या ओठांत पत्ती असते, तो जिभेने सूर तोडू शकतो. तारपकऱ्याचे ओठ जिभाळीला लागतच नाहीत, मध्ये भोपळ्याचं पोट असतं. त्यामुळे सूर तुटत नाही, एकातून दुसऱ्यात वाहत जातो. वारा अखंड ठेवायचा तर गालांत हवा साठवून ती फुंकरीत सोडायची आणि त्याच क्षणी नाकाने नवा श्वास घ्यायचा. हे साधलं की वादन तासन्‌तास चालतं.

भात तयार होऊ लागलं की तारपा बाहेर निघतो आणि दिवाळीच्या आगेमागे रात्री जागू लागतात. तारपकरी मधे, भोवती एकमेकांच्या कमरेला विळखा घातलेले बायाबाप्ये, पुढे घुंगरांची काठी घेतलेला म्होरक्या. कोणती चाल किती वेळ चालवायची, कुठे बदलायची, हे आधी ठरलेलं नसतं. तारपकरी नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघतो, नाचणारे त्याच्या सुराकडे कान देतात. चाल बदलली की पावलं बदलतात आणि तारपकरी वळला की सगळी रांग त्याच्या मागे वळते. कागदावर न लिहिलेलं हे संगीत त्या रात्रीच्या अंगणातच घडतं.

जगातल्या रॉकवाल्यांनाही साठच्या दशकात अशाच न ठरवलेल्या, न तुटणाऱ्या संगीताची ओढ लागली होती. रोलिंग स्टोन्सचा ब्रायन जोन्स १९६८ साली मोरोक्कोतल्या जजूका गावात गेला आणि तिथल्या वादकांचं ध्वनिमुद्रण करून आला. तेही सनईसारखं वाद्य श्वास न तोडता फुंकतात. त्या ध्वनिमुद्रणाची तबकडी जोन्सच्या मृत्यूनंतर, १९७१ साली निघाली. त्याच १९६८ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात ‘कॅन’ हा बँड जमला. तालमीत सुचेल तसं वाजवायचं आणि टेप चालू ठेवायची, ही त्यांची रीत. त्या जुन्या टेपांतून निवडलेलं संगीत ‘द लॉस्ट टेप्स’ या नावाने थेट २०१२ साली बाहेर आलं. तरी तबकडीची मर्यादा राहतेच. बारा इंची एलपीच्या एका बाजूला साधारण वीसेक मिनिटं मावतात. तारप्याची एक रात्र त्यात बसवायची तर तबकड्यांची चळत लागेल.

डहाणूच्या मातीत ती रात्र दुसऱ्या तऱ्हेने नोंदली गेली. लग्नात भिंतीवर चौकाचं चित्र लिहिणं हे वारल्यांमध्ये सुवासिनींचं काम. तलासरी तालुक्यातल्या धामणगावात १९३४ साली जन्मलेले आणि पुढे डहाणूच्या गंजाडला स्थायिक झालेले जिव्या सोमा म्हसे यांनी रोजच्या हौसेने चित्रं काढायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यांचं काम बाहेर नेलं. २०११ साली म्हसे यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. तारप्याभोवती फिरणाऱ्या माणसांची त्यांनी काढलेली वेटोळी देशोदेशी पोचली. तबकडीवरची खाचही अशीच एकच रेघ असते, काठाकडून मध्याकडे वळत जाणारी.

वाजवणारी घराणीही टिकून आहेत. शेजारच्या जव्हार तालुक्यातले वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा तारपा स्वतः बनवतात आणि वाजवतात. २०२६ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

म्हशांच्या चित्रातलं वेटोळं नीट पाहिलं तर ते कुठेच बंद झालेलं नाही. मधे कर्णा धरून वाकलेला तारपकरी, त्याच्याभोवती गुंफलेल्या पाठी, आणि सगळ्यांत बाहेर, रांगेच्या टोकाला, एका नाचणाऱ्याचा हात मोकळा.