वाचणे आणि वाचविणे

मराठी भाषेत ‘वाचणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. मनुष्य पुस्तक वाचतो, आणि पुरातून, आगीतून किंवा दुखण्यातून मनुष्य वाचतो. शब्द एकच, परंतु ग्रंथांच्या बाबतीत हे दोन अर्थ पुष्कळदा एकमेकांशी भांडताना दिसतात. जे पुस्तक फार वाचले जाते ते फार दिवस वाचत नाही, आणि जे कुलपात राहून वाचते ते कोणीच वाचत नाही. हे भांडण आपल्या देशात कसकसे मिटविण्यात आले याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. त्यातील दोन प्रकरणे तर मराठी माणसांनी महाराष्ट्राबाहेर लिहिलेली आहेत: एक तंजावरास आणि दुसरे बडोद्यास. आज त्यांचाच थोडा परामर्श घ्यावयाचा आहे.

आपल्याकडील जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखकाचे, म्हणजे नक्कल करणाऱ्या लेखनिकाचे, दोन शब्द पुष्कळदा आढळतात. पाठ, कंबर आणि मान मोडून, दृष्टी खाली लावून मी हे कष्टाने लिहिले आहे, तेव्हा आपण हे यत्नाने सांभाळावे, अशी त्याची विनंती असते. पुढे पोथी स्वतःच बोलू लागते: मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस! ग्रंथसंरक्षणाचे सारे शास्त्र या चार मागण्यांत आले आहे. तेल म्हणजे समईचे आणि वाचणाऱ्याच्या बोटांचे. पाणी म्हणजे गळके छप्पर आणि पावसाळी दमट हवा. सैल बांधणी म्हणजे ठेवण्यातील हयगय. आणि मूर्खाचा हात म्हणजे हाताळण्याचे अज्ञान. पहिल्या तीन शत्रूंपासून चौथ्याइतके नुकसान क्वचितच झाले असेल.

यांतील सैल बांधणीची तक्रार प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण पोथीची घडण ध्यानात घेतली म्हणजे तिचे मर्म कळते. पोथीची पाने सुटी असतात. ताडपत्राच्या पोथीत पानांना छिद्र पाडून त्यांतून दोरी ओवीत, आणि वर-खाली लाकडाच्या फळ्या ठेवून ती दोरी भोवती गुंडाळीत. कागद आल्यावर छिद्राची गरज उरली नाही. तरी कित्येक जुन्या कागदी पोथ्यांत पानाच्या मध्यभागी थोडी जागा कोरीच सोडलेली दिसते. ताडपत्र गेले, पण त्याच्या छिद्राची आठवण राहिली! अशी सुटी पाने सैल राहिली, तर पोथी उचलताना ती एकमेकांवर घासतात, कडा झिजतात, कोपरे दुमडतात, आणि मधल्या फटींतून धूळ व कसर आत शिरते. उलट दोरी फार आवळली तर ती कडांतच रुतते. म्हणून फळ्या घट्ट बसाव्यात, पण पानांना काच लागू नये, हे बांधणाऱ्याचे कसब. त्यावर सुती रुमाल. आपल्या दप्तरखान्यांत ‘रुमाल’ हे कागदांच्या गठ्ठ्याचे नावच होऊन बसले आहे, ते याच कापडावरून.

बांधलेली पोथी उभी ठेवीत नसत. ती आडवी निजवून ठेवीत. त्यामुळे पानांचे ओझे खालच्या फळीवर सारखे पडे. घडवंचीवर किंवा पेटीत ती भुईपासून उंच राही, म्हणजे वाळवीची वाट अडे. रुमालात वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा पाला घालीत. कागदाला हरताळ लावण्याची चाल होती. हरताळ विषारी असल्याने किडे त्यापासून दूर राहत, आणि चुकलेले अक्षर झाकण्यासही तोच उपयोगी पडे. एखाद्या गोष्टीवर हरताळ फासणे हा आपला वाक्प्रचार पोथ्यांच्या याच संसारातून आलेला आहे. शाई काजळाची असे. ती फिकी पडत नाही आणि कागदाला खातही नाही.

परंतु या सर्व उपायांहून अधिक महत्त्वाची होती ती वहिवाट. गुजरात व राजस्थानातील जैन ज्ञानभांडारांत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी पाळतात. त्या दिवशी ग्रंथ बाहेर काढावयाचे, झाडावयाचे, त्यांना हवा दाखवावयाची, वेष्टने बदलावयाची आणि त्यांची पूजा करावयाची. तिथीची निवड पाहा: पावसाळा संपलेला असतो, हवा कोरडी होत आलेली असते आणि ऊन कडक नसते. चार महिन्यांच्या दमट हवेत बुरशी किंवा कीड लागली असेल तर ती नेमकी याच वेळी उघडकीस यावयाची. आपल्याकडील दसऱ्याचे सरस्वतीपूजनही याच ऋतूतले. ग्रंथ तपासण्याचा नियम सांगितला असता तर चार पिढ्यांत विसरला गेला असता. तो धर्मकृत्य झाल्यामुळे शेकडो वर्षे टिकला.

आता तंजावरकडे वळू. तेथील सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह नायक राजांच्या काळापासूनचा. पुढे व्यंकोजीराजांच्या वंशजांनी तो वाढविला, आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी त्यास कीर्ती मिळवून दिली. सरफोजी १७९८ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. ज्याच्या हातून राज्य गेले असा राजा काय करतो? या राजाने ग्रंथ जमविले. संस्कृत, तामिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांबरोबर इंग्रजी व इतर युरोपीय भाषांतील छापील पुस्तकेही त्यांनी घेतली. कित्येकांवर त्यांची इंग्रजी सही आहे. १८२० च्या सुमारास त्यांनी काशीयात्रा केली, तेव्हा तिकडूनही हस्तलिखिते आणविली. आपल्या घराण्याचा इतिहास तर त्यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळात मराठी भाषेत दगडावरच कोरविला. कागद आणि ताडपत्र यांचे आयुष्य किती, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे.

सरफोजी १८३२ मध्ये वारले आणि १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे निपुत्रिक निवर्तल्यावर ते राज्य खालसा झाले. राज्य बुडाले म्हणजे ग्रंथालयाची काय गत होते याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ आहेत. तंजावरचा संग्रह मात्र त्या संकटातून पार पडला. बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने तेथील संस्कृत हस्तलिखितांची सूची केली. ती १८८० मध्ये छापून निघाली. सूची हेही संरक्षणाचेच एक साधन होय. कोणता ग्रंथ कोठे आहे हे माहीत नसले, म्हणजे एक शोधण्यासाठी शंभर उपसावे लागतात, आणि त्या उपसण्यातच निम्मी पाने फाटतात. शेवटी १९१८ मध्ये राजघराण्याचा हा संग्रह लोकांसाठी खुला झाला. ताडपत्रे फार कोरडी पडली तर तडकतात. म्हणून त्यांना गवती चहाच्या जातीच्या सुगंधी तृणाचे तेल हलक्या हाताने लावण्याची रीत दक्षिणेत आहे. पोथीने ज्या तेलाला शत्रू म्हटले, त्याच्याच जातीचा एक पदार्थ जाणत्या हाती औषध होतो!

सरफोजींच्या कपाटात पोथीशेजारी जे छापील युरोपीय पुस्तक येऊन बसले, त्याची प्रकृतीच निराळी होती. ते उभे राहणारे पुस्तक होते. युरोपातही ते पहिल्यापासून उभे नव्हते. मध्ययुगात तेथील ग्रंथ मेजावर आडवे असत. पुढे चोरीच्या भयाने त्यांना साखळ्या लावल्या. ही साखळी पुठ्ठ्याच्या मोकळ्या कडेला अडकविलेली असे, म्हणून पुस्तके फळीवर उभी राहिली तेव्हा त्यांची पाठ आत आणि पानांची कड बाहेर असे. नावही त्या कडेवरच लिहीत. साखळ्या गेल्या, संख्या वाढली, आणि मग पाठ बाहेर आली. इंग्लंडात हेरफर्ड येथील प्रार्थनामंदिरात साखळ्यांची जुनी पुस्तके अजून पाहावयास मिळतात.

उभ्या पुस्तकाला उभे राहण्याचे कष्ट असतात. पुठ्ठे पानांपेक्षा थोडे मोठे असल्याने आतील पानांचा गठ्ठा अधांतरी लोंबतो आणि त्याचा सारा भार शिवणीवर पडतो. पुस्तक तिरके कलंडले की हा भार एका अंगाला जातो आणि पाठ वाकडी होते. म्हणून फळी अर्धवट भरलेली असली तर शेवटच्या पुस्तकाला टेकू द्यावा. आणि फळी इतकी गच्चही भरू नये की पुस्तक काढताना ओढाताण व्हावी. मोठी, जड पुस्तके आडवीच ठेवावीत, आपल्या पोथीप्रमाणे. पुस्तक काढताना पाठीच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढण्याची सवय सार्वत्रिक आहे, आणि तिच्यामुळेच असंख्य पुस्तकांच्या पाठी डोक्याकडून फाटलेल्या दिसतात. शेजारची दोन पुस्तके जरा मागे सारावीत, आणि हवे ते मध्यभागी दोन्ही बाजूंनी धरून बाहेर घ्यावे. कपाट भिंतीला चिकटवू नये. पावसाळ्यात भिंतीची ओल मागच्या बाजूने चढते आणि वाळवीही त्याच मार्गाने येते. ऊन पाठीवर पडू देऊ नये. यात अवघड असे काही नाही. परंतु पोथीच्या काळातील वहिवाट तुटली आणि नव्या पुस्तकाची वहिवाट पडली नाही, अशा मधल्या काळात आपले फार नुकसान झाले.

त्यात भर पडली ती कागदाची. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात किंवा जुन्नरास हातांनी केलेला जुना कागद चिंध्या आणि तागाच्या तंतूंचा असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा, तुरटी व राळ घातलेला यंत्राचा कागद सर्वत्र पसरला. त्यातील आम्ल तोच कागद आतून जाळीत असते. म्हणूनच तीनशे वर्षांपूर्वीची पोथी आज निर्धास्त उलटता येते, आणि १८९० सालचे मराठी मासिक हातात घेताच त्याच्या पानाचा कोपरा मोडून पडतो. आपल्या प्रबोधनकाळाचे सारे वाङ्मय या दुबळ्या कागदावर छापलेले आहे, ही गोष्ट आपण जितकी मनावर घ्यावयास हवी तितकी घेतलेली नाही.

बडोद्याचे प्रकरण याच नव्या पुस्तकाचे आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेला माणूस वाचावयास काही मिळाले नाही तर पुन्हा निरक्षर होतो, हे ओळखून त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन या ग्रंथपालास बोलाविले. पुढच्याच वर्षी बडोद्यास ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग निघाला; हिंदुस्थानातील तो पहिला. १९१२ मध्ये ग्रंथालयविषयक नियतकालिक सुरू झाले, आणि त्यात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठीलाही स्थान होते. लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी जाऊ लागली. पुढे मध्यवर्ती ग्रंथालयाच्या इमारतीत लाकडाला फाटा देऊन पोलादी कपाटे उभारली आणि मजल्यांना काचेच्या फरश्या घातल्या. पोलादाला वाळवी लागत नाही, आणि काचेतून उजेड खालच्या मजल्यापर्यंत उतरतो. समईच्या तेलाची भीती काचेने संपविली, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु पोलादाहून शिक्षणवर्ग अधिक मोलाचा होता. पुस्तक खेड्यात पाठवावयाचे म्हणजे ते शेकडो अनोळखी हातांत द्यावयाचे. तेथे कुलूप काय कामाचे? हात शिकवले पाहिजेत, हाच एक उपाय. तंजावर जिल्ह्यातच जन्मलेल्या रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतील पहिलाच असा की ग्रंथ उपयोगासाठी आहेत. हा नियम संरक्षणाच्या विरोधी आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः उपयोग करावयाचा म्हणूनच संरक्षण करावयाचे. नाही तर कसरीने खाल्ले काय आणि कुलपात राहिले काय, वाचकाला सारखेच.

दोन्ही गोष्टी एकदम साधण्याची साधने आज आपल्याजवळ पूर्वीपेक्षा अधिक आहेत. २००३ मध्ये हस्तलिखितांसाठी राष्ट्रीय पातळीवरील योजना सुरू झाली; पोथ्यांची छायाचित्रे संगणकात साठविता येतात, आणि नाजूक पानाला हात न लावता ते वाचता येते. परंतु छायाचित्राला कागदाचा पोत नसतो, शिवण नसते, आणि कोऱ्या सोडलेल्या छिद्राची आठवण कशाची हेही ते सांगत नाही. मूळ पोथी राहिलीच पाहिजे. शिवाय आपल्या बहुतेकांच्या घरी असलेली पुस्तके कोणत्याही योजनेत येणार नाहीत. आजोबांची ज्ञानेश्वरी, आईचे पाठांतराचे पुस्तक, कोणा चुलत्याने इंदूरहून किंवा नागपूरहून आणलेले मासिकाचे जुने अंक, यांचा ग्रंथपाल घरचाच माणूस असावयास हवा.

त्याने फार काही करावयाचे नाही. पाऊस सरल्यावर वर्षातून एकदा कपाट उघडावे, कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, पाने चाळावीत, कलंडलेले पुस्तक सरळ करावे, आणि घरातल्या मुलांना ते कसे काढावे व कसे ठेवावे हे दाखवावे. त्या अनाम लेखनिकाने पाठ मोडून लिहिताना केलेली विनंती इतकीच होती, आणि ज्याच्या हाती पुस्तक पडेल त्या प्रत्येकाला ती लागू आहे.