मुंबईची उपनगरे आणि पचनविकारांचे वैद्यक : पाणी, प्रयोगशाळा आणि अध्यापन रुग्णालय

मुंबईतील पचनविकारांच्या वैद्यकाचा इतिहास लिहिताना भायखळा, परळ आणि शीव ही तीनच ठिकाणे सहसा पुढे येतात. ग्रँट मेडिकल कॉलेज (1845), सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज व त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय (1926) आणि लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालय (1964) ही त्या इतिहासाची केंद्रे होत. असहकार चळवळीच्या काळात 1921 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणून निघालेली आणि 1946 मध्ये महापालिकेकडे आलेली नायर रुग्णालयाची संस्थाही याच मालिकेतील. ही चारही शासकीय व महापालिकेची महाविद्यालये 1 ऑक्टोबर 1990 रोजी झालेल्या जिल्हा विभाजनात मुंबई शहर जिल्ह्यात राहिली. 2011 च्या जनगणनेनुसार त्या जिल्ह्याची लोकसंख्या 30,85,411, तर मुंबई उपनगर जिल्ह्याची 93,56,962 होती. म्हणजे ज्या तीन चतुर्थांश लोकांच्या पोटाविषयी हे शास्त्र बोलत होते, त्यांच्या वस्तीत ते शास्त्र शिकविणारी महापालिकेची संस्था नव्हती. ती 2015 मध्ये आली. या विलंबाचा अर्थ लावण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पाणी उपनगरांचे, नळ शहराचा

पोटाच्या विकारांचा मुंबईतील इतिहास रुग्णालयापासून नव्हे, तर तलावापासून सुरू करावा लागतो. विहार तलाव 1860 मध्ये पूर्ण झाला, तुळशी 1879 मध्ये. दोन्ही साष्टी बेटाच्या डोंगराळ भागात, म्हणजे आजच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहेत. पवई तलावाचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही. 1892 मध्ये तानशाचे पाणी आले. या सर्व योजना मूलतः बेटावरील शहरासाठी होत्या. ज्या साष्टीच्या पोटातून जलवाहिन्या दक्षिणेकडे जात, तेथील गावे विहिरी, तळी आणि ओहोळ यांवर अवलंबून होती. पटकी, हगवण आणि आव या तीन शब्दांत तेथील पावसाळ्याचे वैद्यकीय वर्णन संपत असे.

1950 मध्ये बृहन्मुंबईची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि 1957 मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. त्याच 1957 च्या सुमारास वैतरणेवरील मोडक सागराचे पाणी मिळू लागले. पुढे भातसा योजना आणि भांडुपचे जलशुद्धीकरण संकुल उभे राहिले. भांडुपच्या गाळणीघराचा उल्लेख वैद्यकाच्या इतिहासात कोणी करीत नाही, ही आश्चर्याची गोष्ट होय. शहरातील कोणत्याही एका आतड्याच्या वॉर्डाने वाचविले नसतील इतके जीव त्याने वाचविले असावेत, असे मानण्यास जागा आहे.

मात्र शुद्ध केलेले पाणी घरापर्यंत शुद्धच पोचते असे नाही. मुंबईत पाणी ठरावीक वेळीच सोडले जाते. नळ बंद झाला की वाहिनीतील दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. पुढच्या वेळी नळ सोडताच पहिली कळशी तेच पाणी घेऊन येते. टेकडीच्या चढावर आणि नाल्याच्या काठी वसलेल्या वस्त्यांत हा धोका अधिक असतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पूर ओसरल्यावर गॅस्ट्रो आणि लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आले, तेव्हा हे जुने दुखणे नव्याने सर्वांच्या लक्षात आले.

पटकी : लसीकडून मीठ-साखरेच्या पाण्याकडे

वाल्देमार हाफकिन यांनी पटकीची लस 1892 मध्ये पॅरिसमध्ये स्वतःला टोचून घेतली आणि 1893 मध्ये ते भारतात आले. 1896 च्या प्लेगमुळे त्यांची मुंबईतील प्रयोगशाळा प्रथम ग्रँट मेडिकल कॉलेजात सुरू झाली. 1899 मध्ये ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि 1925 मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. पटकीच्या लसीचे उत्पादन या संस्थेच्या कामाचा एक भाग राहिले. परंतु त्या जुन्या लसीचे संरक्षण अपुरे व अल्पकाळ टिकणारे होते; 1973 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीची तिची सक्ती काढून टाकली.

या विकारावरील खरी मात बंगालमधून आली. शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये कोलकात्यात पटकीच्या जंतूचे विष आतड्यात पाणी कसे सोडवते हे दाखविले. आतड्याचे अस्तर नष्ट होत नाही, हे एकदा कळल्यावर साखरेच्या सोबतीने मीठ शोषले जाते या शोधाचा उपयोग करता आला. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी शिरेतून देण्याचे द्रव संपत आल्यावर पिण्याचे मिश्रण वापरले. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आले. 1978 मध्ये ‘लॅन्सेट’ने साखर व मीठ यांच्या या जोडीच्या शोधाला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरविले. कोकणातील घरात हगवणीच्या रोग्यास मीठ घातलेली भाताची पेज देत असत. तांदळाच्या पिठापासून केलेल्या मिश्रणाची उपयुक्तता पुढे प्रयोगांतून सिद्ध झाली, हे येथे सहज नोंदवावेसे वाटते.

महत्त्वाचा मुद्दा असा की, या उपचाराला अध्यापन रुग्णालयाची गरज उरली नाही. कुर्ल्याच्या किंवा मुलुंडच्या साध्या दवाखान्यात तो होऊ शकत होता. शास्त्र केंद्रातून निघून परिघावर पोचल्याचे हे मुंबईतील पहिले मोठे उदाहरण मानावे लागेल.

संग्रहणीचे कोडे

1960 हे भारतीय पचनविकार संघटनेच्या स्थापनेचे वर्ष. त्याच दशकात मुंबईतील एफ. पी. अंटिया, एच. जी. देसाई, खुर्शीद जीजीभॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुन्या व्याधीचा नव्या साधनांनी अभ्यास केला. आयुर्वेदात जिला ग्रहणी म्हणतात आणि मराठी घरांत जिला संग्रहणी हे नाव होते, तिच्याशी जवळीक असलेली ही व्याधी. माणूस खातो, पण ते अंगी लागत नाही. मलातून स्निग्ध पदार्थ जातात, रक्त कमी होते, वजन उतरते. उष्ण कटिबंधातील अशा अज्ञातकारण अतिसारावरील या मंडळींचा शोधनिबंध 1966 मध्ये ‘गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी’ या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

याच वर्षी ढाक्याहून आलेला एक निष्कर्ष मुंबईलाही तितकाच लागू पडणारा होता. तेथे राहिलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांच्या लहान आतड्याचे अस्तर काही काळात बदलले, शोषणशक्ती घटली आणि मायदेशी परतल्यावर ती सुधारली. याचा अर्थ, ज्या आतड्याला पाश्चात्त्य ग्रंथ सामान्य म्हणत होते ते स्वच्छ पाण्यावर वाढलेले आतडे होते. आपल्याकडील धडधाकट माणसाचे आतडेही सूक्ष्मदर्शकाखाली थोडे जखमीच दिसत होते. रोग आणि राहणी यांच्यामधील रेषा इतकी पुसट होते, ही गोष्ट प्रयोगशाळेने सांगितली. पण तिचे उत्तर प्रयोगशाळेत नव्हते. जीजीभॉय पुढे टोरांटोस गेले आणि आतडे निकामी झालेल्या रुग्णांना घरच्या घरी शिरेतून पूर्ण आहार देण्याच्या पद्धतीचे ते जगातील एक प्रवर्तक ठरले. अंटिया यांचा आहारशास्त्रावरील ग्रंथ मात्र मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या हाती राहिला; नंतरच्या आवृत्तीत फिलिप अब्राहम त्यांचे सहलेखक झाले.

गोरेगावचा अपवाद

उपनगरांत संशोधन झालेच नाही असे म्हणता येत नाही. ते झाले, परंतु महाविद्यालयात नव्हे, तर एका परदेशी औषध कंपनीच्या आवारात. 1963 मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते गोरेगाव येथे सिबा संशोधन केंद्राचे उद्घाटन झाले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील नामवंत रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी संचालक म्हणून आले. येथे सिद्ध झालेल्या संयुगांच्या सांकेतिक क्रमांकास ‘गो’ ही अक्षरे जोडलेली असत, ती गोरेगावची. शास्त्रीय वाङ्मयात मुंबईच्या एखाद्या उपनगराचे नाव अशा रीतीने अमर झाल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

या केंद्राच्या कामाचा एक मोठा भाग पोटातील परोपजीवींशी संबंधित होता. आवेवर त्यापूर्वी कुड्याच्या सालीचा काढा आणि 1912 पासून लिओनार्ड रॉजर्स यांनी रूढ केलेले एमेटिनचे इंजेक्शन चालत होते. एमेटिनचा हृदयावर विपरीत परिणाम होई आणि रुग्णास अंथरुणास खिळून राहावे लागे. 1960 च्या दशकात मेट्रोनिडाझोल आले आणि यकृतातील अमिबाजन्य गळवाचे भय बरेच ओसरले. गोरेगावात त्याच वर्गातील सॅट्रानिडाझोल (गो 10213) तयार झाले व पुढे ते भारतीय बाजारात आले. अंकुशकृमीवरील आमोस्कॅनेट या दुसऱ्या औषधाच्या रुग्णांवरील चाचण्या अशोक वैद्य आदी संशोधकांनी 1977 मध्ये अमेरिकेतील उष्ण कटिबंधीय वैद्यकाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. ते औषध आपल्याकडे सर्रास वापरात आले नाही. केंद्रही पुढे बंद झाले. रेणूच्या रचनेपासून रुग्णाच्या खाटेपर्यंतची साखळी याच शहरात पूर्ण होऊ शकते, हे मात्र त्याने दाखवून दिले होते. कंपनीचे हित संपताच अशी साखळी तुटते. विद्यापीठीय संस्थेस तिची जबाबदारी घ्यावीशी वाटली नाही, ही या इतिहासातील एक मोठी उणीव होय.

दुर्बीण आणि लोकल

काचतंतूंतून प्रतिमा वाहून नेण्याचे काम हॅरल्ड हॉपकिन्स आणि मूळचे पंजाबचे नरिंदरसिंग कपानी यांनी 1954 मध्ये प्रसिद्ध केले. 1957 मध्ये बेसिल हर्शोविट्झ यांनी लवचीक जठरदर्शक वापरून दाखविला. या दुर्बिणीने पचनविकारांचे शास्त्र अंतर्वैद्यकापासून वेगळे काढले. बेरियम पाजून घेतलेल्या क्ष-किरण चित्राच्या सावलीवरून अनुमान करण्याऐवजी व्रण डोळ्यांनी दिसू लागला. रक्तस्राव थांबविणे, पित्तनलिकेतील खडा काढणे ही कामे पोट न उघडता होऊ लागली. एम. डी. नंतर तीन वर्षांचा डी. एम. अभ्यासक्रम के. ई. एम., नायर आणि शीव येथे स्थिरावला.

शीवचे रुग्णालय 1947 मध्ये लष्करी बराकींत सुरू झाले होते. शहराच्या वेशीवर असल्यामुळे कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड येथील रुग्णांचे ते हक्काचे ठिकाण बनले. पश्चिमेकडील अंधेरी-बोरिवलीच्या रुग्णास मात्र परळ गाठावे लागे. आदल्या रात्रीपासून उपाशी राहून, सकाळच्या गर्दीच्या लोकलने दुर्बिणीच्या तपासणीस जाणे हा उपनगरी रुग्णाचा नित्याचा अनुभव होता. घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर, बोरिवलीचे भगवती ही महापालिकेची रुग्णालये होती. पण ती ‘उपनगरीय’ या वर्गात मोडत. विशेष उपचार हवा असेल तर तेथून चिठ्ठी परळची मिळे.

या काळातील मुंबईच्या संशोधनाचा एक विशेष असा की, ते हळूहळू वॉर्डाबाहेर पडले. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरव्रणाचा जंतू वॉरेन व मार्शल यांनी 1980 च्या दशकाच्या प्रारंभी ओळखला, त्यासाठी त्यांना 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. 1994 मध्ये मुंबईतील गिल, देसाई प्रभृतींनी त्याविरुद्धची प्रतिद्रव्ये आपल्याकडे बालपणापासूनच आढळतात असे दाखविले. जंतू बहुसंख्यांच्या पोटात आणि व्रण मात्र थोड्यांनाच, हा पेच त्यातून पुढे आला. 2001 मध्ये के. ई. एम. च्या शाह, भाटिया आणि मिस्त्री यांनी मुंबईतील सर्वसामान्य प्रौढांची पाहणी केली. सुमारे 30 टक्के लोकांना अपचनाची तक्रार होती. यांतील किती जण परळपर्यंत पोचत असतील, याची कल्पना सहज करता येते.

2007 मध्ये दीपक अमरापूरकर व सहकाऱ्यांनी रेल्वे वसाहतींतील रहिवाशांची यकृत तपासणी प्रसिद्ध केली. वीस वर्षांवरील सुमारे 19 टक्के लोकांत मद्याशी संबंध नसलेले यकृतातील मेदसंचय आढळले. पटकी आणि आव यांच्या काळात उपासमार व दूषित पाणी यांनी पोट बिघडत होते. आता बैठे काम, लांबचा प्रवास, रात्रीचे उशिराचे जेवण यांची भर पडली. जुने विकार मात्र निघून गेले नाहीत. 2008 मध्ये अमरापूरकर यांच्याच गटाने आतड्याचा क्षय आणि क्रोन व्याधी वेगळी ओळखण्यातील अडचणींवर लिहिले. एकाच्या औषधाने दुसरा रोग बळावतो. क्षय असलेल्यास चुकून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर ते प्राणावर बेतते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तक येथे पुरेसा आधार देत नाही. कुपोषित आणि स्थूल, क्षयी आणि मधुमेही असे सर्व रुग्ण एकाच बाह्यरुग्ण विभागात दिसणाऱ्या शहराला स्वतःचे शास्त्र घडवावे लागते.

विलेपार्ले, 2015

2009 मध्ये अंधेरीत कोकिळाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालय सुरू झाले आणि यकृत प्रत्यारोपणासारखे उपचार उपनगरात आले. ज्यांना खर्च झेपतो त्यांच्यासाठी परळचा प्रवास तेव्हाच संपला होता. इतरांसाठी महापालिकेने 2015 मध्ये कूपर रुग्णालयास जोडून हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. ज्या रुग्णालयातून रुग्ण पुढे पाठविले जात, तेथे आता विद्यार्थी शिकू लागले.

1926 मध्ये परळच्या संस्थेच्या देणगीदारांनी अध्यापक भारतीयच असावेत अशी अट घातली होती. त्या काळात शास्त्र कोणाच्या हाती असावे हा प्रश्न होता. जीवराज मेहता यांच्यासारख्या अधिष्ठात्याने त्याचे उत्तर दिले. विलेपार्ल्याच्या महाविद्यालयापुढील प्रश्न शास्त्र कोठे असावे हा आहे. त्याच्या बाह्यरुग्ण विभागात येणारा मनुष्य जोगेश्वरीच्या किंवा अंधेरीच्या ज्या गल्लीतून येतो, ती गल्ली चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याच्या पाण्याचा नमुना, त्याच्या यकृताची प्रतिमा आणि त्याच्या मलातील जंतू यांची नोंद एकाच वहीत ठेवणे परळला कधी शक्य झाले नाही. येथे ते शक्य आहे.