गिलाव्यातील तंतू : वेरूळ ते बोर्ली पंचतन

काँक्रीटमध्ये टाकाऊ लोखंड मिसळण्याची कल्पना यंत्रयुगाचे अपत्य मानली जाते. ए. बेरार्ड यांनी १८७४ साली अमेरिकेत टाकाऊ लोखंडाचे कण काँक्रीटमध्ये घालण्याचे पेटंट घेतले. १९६३ मध्ये रोमुआल्डी व बॅट्सन यांनी जवळजवळ बसविलेल्या पोलादी तारा भेगेला कशा अडवितात याची मीमांसा केली. तथापि मूळ तत्त्व पुष्कळ जुने आहे. वेरूळच्या बाराव्या लेण्यातील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे राजदेव सिंग व मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये दाखविले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते आढळले नाहीत, आणि तेथील चित्रांची कीटकांनी बरीच हानी केली आहे.

ही परंपरा लक्षात येत नाही, याचे एक कारण भाषेत आहे. गवंड्याच्या बोलीत पेंढा, ताग, काथ्या अशी केवळ द्रव्यांची नावे आहेत. त्या सर्वांचे समान कार्य सांगणारा ‘तंतू’ हा शब्द पंडितांचा. नाव निराळे पडले, म्हणून वंशही निराळा भासला.

कार्य एक असले तरी गुण एक नव्हेत. पेंढ्याने भिंतीतून उष्णता कमी जाते. लोखंडाने ती उलट अधिक जाते. लोखंडी तंतूंनी ‘उष्णतेचे गुण सुधारतात’ याचा अर्थ एवढाच, की तापण्यानिवण्याने पडणाऱ्या भेगा रुंदावत नाहीत. घर थंड राहील असा अर्थ त्यातून काढणे अयुक्त होय.

श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन (१९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात) येथे हा भेद पुस्तकी राहत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या किनाऱ्यावरील कौले व पत्रे उडाले. त्यानंतर स्लॅबकडे मन वळणे स्वाभाविकच. परंतु खाऱ्या हवेत सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. आखूड तंतू सुटेसुटे असल्याने त्यांचा गंज बहुधा पृष्ठभागापुरताच राहतो. रुंद भेगेत मात्र तेही झिजून तुटतात. लेथवरील कीस तेलकट व गुंतलेला असतो. न धुता घातल्यास सिमेंट त्याला नीट धरत नाही आणि मिश्रणात त्याचे गोळे होतात. जुन्या टायरांतून निघणारी तार अधिक बळकट व एकसारखी असते. तरी स्लॅबमधील सळईची जागा ती घेऊ शकत नाही. सळईवरील काँक्रीटचे आवरण कमी करण्याची मुभाही तिने मिळत नाही.