पत्र फोडण्याचा अधिकार

दुसऱ्याचें पत्र फोडूं नये हा शिष्टाचार जुना आहे. राज्यसत्तेनें मात्र तो स्वतःस क्वचितच लावून घेतला. १८४४ सालीं, लंडन येथें आश्रयास राहिलेल्या मॅझिनीचीं पत्रें ब्रिटिश गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या हुकमानें फोडलीं गेलीं, हें उघडकीस येतांच पार्लमेंटांत गदारोळ झाला व चौकशी करावी लागली.

पुढें १८६५ सालीं २० राष्ट्रांनीं पॅरिस येथें तारायंत्राचा करार केला. तार पाठविण्याचा सर्वांचा हक्क व तिची गुप्तता त्यांत मान्य झाली. परंतु राज्यास, कायद्यास वा नीतीस बाधक वाटेल ती तार अडविण्याची मुभाहि सरकारांनीं त्याच करारांत राखून ठेविली.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें २४ डिसेंबर २०२४ रोजीं संमत केलेला सायबर गुन्ह्यांविषयींचा करार याच वळणाचा आहे. संगणकाद्वारें होणारी लूट थांबावी, हें कोणास नको आहे? परंतु ज्याची कमाल शिक्षा निदान ४ वर्षांची कैद आहे, अशा कोणत्याहि गुन्ह्याचा इलेक्ट्रॉनिक पुरावा परराष्ट्रास मिळवून देण्याची वाट त्यानें मोकळी केली; न्यायालयीन देखरेख मात्र ज्या त्या देशाच्या कायद्यावर सोपविली. कित्येक देशांत सरकारवरील टीकाहि याच मापाचा गुन्हा ठरते. राजकीय मतांमुळें छळ होईल असें दिसल्यास साहाय्य नाकारतां येतें खरें. पण तें नाकारणें सरकारच्याच मर्जीवर आहे.

मॅझिनीस निदान पार्लमेंटांत दाद मागतां आली. आपलें पत्र कोणाच्या मागणीवरून उघडलें गेलें हेंच ज्यास कळणार नाहीं, त्यानें कोठें जावें? याचें उत्तर प्रत्येक देशानें करार कायम करण्यापूर्वीं आपल्या कायद्यांत लिहावें, असें आम्हांस वाटतें.